मुतालकी : जुनी आणि नवी

एकानें अंगावर घेतलेलें काम दुसऱ्याच्या हातून करवून घेणें ही गोष्ट राज्यकारभाराइतकीच जुनी आहे. परंतु प्रत्येक वेळीं ‘हें काम अमक्यानें करावें’ असा निराळा हुकूम लिहावा लागला, तर काम बाजूस राहतें आणि हुकुमांचाच ढीग वाढतो. एकदांच नेमणूक करावी व पुढचीं सर्व कामें आपोआप त्या माणसाकडे जावींत, ही युक्ति महाराष्ट्राच्या कारभारानें फार पूर्वीं साधली होती. तिचें नांव मुतालकी.

अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील गांवगाडा इतर मुलुखाप्रमाणेंच पाटील आणि कुळकर्णी या वतनदारांवर चाले. पाटलाकडे वसूल व बंदोबस्त, कुळकर्ण्याकडे दप्तर. वतन वंशपरंपरेचें असल्यामुळें वतनदार कधीं अल्पवयी असे, कधीं चाकरीनिमित्त परमुलुखीं गेलेला असे; कधीं एकाच घराण्याकडे अनेक गांवांचें दप्तर असे. अशा वेळीं गुमास्ता किंवा मुतालिक काम पाही. वतन धन्याचें, लेखणी मुतालिकाची. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतहि पंडितराव व न्यायाधीश यांखेरीज इतरांस स्वारीवर जावें लागे. म्हणून मागें त्यांचें काम पाहण्यास मुतालिक नेमलेले असत. मुंबई इलाख्याच्या १८७४ च्या वतन कायद्यानेंहि प्रत्यक्ष चाकरी करणारा प्रतिनिधि वतनदार व त्याचा बदली माणूस यांची सोय ठेवली होती. पुढें कुळकर्णी वतनें १९५० च्या आणि मुलकी पाटिलकी १९६२ च्या कायद्यानें संपुष्टांत आली.

या सोयीची दुसरी बाजूहि नगरच्याच इतिहासांत दिसते. १६०० सालीं चांदबिबीच्या वधानंतर नगरचा किल्ला मोंगलांच्या हातीं गेला. तेव्हां मलिक अंबरानें दुसऱ्या मूर्तिजास गादीवर बसवून त्याच्या नांवानें राज्य चालविलें. निजामशाहीच्या अखेरच्या दिवसांत शहाजीराजांनीं पेमगिरीच्या किल्ल्यावर एका अल्पवयी मूर्तिजास सिंहासनावर बसविलें आणि १६३६ पर्यंत कारभार पाहिला. दोघांच्या कर्तृत्वाविषयीं शंका नाहीं. परंतु येथें धन्यानें मुतालिक नेमला नव्हता. कारभाऱ्यानेंच धनी नेमला होता. म्हणून मुतालकींत खरा प्रश्न काम कोण करतो हा नसून, काम चालू असतां शब्द कोणाचा चालतो, हा आहे.

हाच प्रश्न साडेतीनशें वर्षांनीं संगणकाच्या भाषा रचणाऱ्यांपुढें उभा राहिला. आजच्या पुष्कळशा आज्ञावल्या ‘ऑब्जेक्ट’ नांवाच्या घटकांनीं बनलेल्या असतात, आणि प्रत्येक घटक कांहीं ठराविक कामांचा जणूं वतनदार असतो. समजा, नोंदींची एक यादी वीस कामें जाणते. आतां तशीच दुसरी यादी हवी. फरक इतकाच कीं, नवी नोंद घालतांना तिची मोजदाद व्हावी. उरलेलीं एकोणीस कामें जुन्या यादीकडे जशींच्या तशीं पोंचवावयाचीं. जावासारख्या भाषेंत याकरितां ‘हें काम तिकडे न्यावें’ असें एकोणीस वेळां लिहावें लागतें. अशा ठरीव मजकुरास त्या क्षेत्रांत ‘बॉयलरप्लेट’ म्हणतात. तो लिहिणें कठीण नसतें. पण सारख्या दिसणाऱ्या ओळींत एखादी चुकीची ओळ दडून राहते.

हेन्री लीबरमन यांनीं १९८६ च्या निबंधांत ‘डेलिगेशन’ची, म्हणजे या मुतालकीची, पद्धतशीर मांडणी केली. १९८७ सालीं डेव्हिड अंगर व रँडल स्मिथ यांनीं ‘सेल्फ’ ही तिच्यावरच उभारलेली भाषा पुढें आणली. २००९ सालीं जाहीर झालेल्या ‘गो’ भाषेंत एक घटक दुसऱ्यांत ठेवला कीं आंतल्याचीं कामें बाहेरच्यास आपोआप लाभतात. २०१६ सालीं पहिली पक्की आवृत्ति निघालेल्या ‘कॉटलिन’मध्यें तर ‘बाय’ हा एकच शब्द त्या एकोणीस ओळींचें काम करतो.

तथापि या भाषांत एक मर्माचा भेद आहे. एकदम दहा नोंदी घालण्याचें काम जुन्या यादीकडे गेलें, असें समजावें. ‘सेल्फ’च्या पद्धतींत जुनी यादी प्रत्येक नोंदीस मूळ धन्याकडे वळून विचारते, आणि मोजदाद होते. ‘गो’ व ‘कॉटलिन’ यांत ती आपल्याच रीतीनें दहा नोंदी घालून मोकळी होते; धन्यानें लावलेला नवा नियम तिला ठाऊकच नसतो. पहिल्या रीतींत धन्याचा शब्द शेवटपर्यंत चालतो, परंतु मुतालिकाच्या कामांत केव्हां काय फरक पडेल हें सांगतां येत नाहीं. दुसरींत मुतालिकाचें काम स्वच्छ राहतें, परंतु धन्याचा हुकूम उंबरठ्यावरच थांबतो.

नेमणूक एका शब्दांत झाली म्हणून जबाबदारी एका शब्दांत संपत नाहीं. गांवच्या दप्तरांत मुतालिकाच्या लेखणीखालीं हक्क कोणाचा हें नमूद असणें जितकें अगत्याचें होतें, तितकेंच आज्ञावलींतहि आहे. लिहिण्याचे कष्ट यंत्रानें खुशाल वांचवावेत; शब्द कोणाचा चालणार, हें मात्र रचणारानेंच आधीं ठरविलें पाहिजे.