कोल्हापूरची वेस

शहर वाढते म्हणजे काय होते? घरे वाढतात, माणसे वाढतात, हे तर उघडच आहे. पण त्याबरोबर शहराची वेसही पुढे सरकते, आणि ती सरकली की कोणाचे शेत, कोणाची पंचायत, कोणाचा पिढीजात मान तिच्या आत येतो. ही वेस कोठे असावी हे कोणी ठरवावयाचे, या प्रश्नाला कोल्हापूरच्या इतिहासाने निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

जुने कोल्हापूर महालक्ष्मीच्या देवळाभोवती, वारांची नावे मिरविणाऱ्या पेठांतून नांदत होते. १८५४ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. १८९१ साली मिरजेहून आगगाडी आली. आगगाडीचे महत्त्व शाहू छत्रपतींनी तत्काळ ओळखले व १८९५ साली स्टेशनाजवळ शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली. गुळाच्या व्यापारास तिने मोठेच बळ दिले. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत राजारामपुरी उभी राहिली. या वसाहतींत दूरदृष्टी होती, हे कोण नाकारील? मात्र रयतेला विचारूनच वेस हलवावी, असे बंधन दरबारावर नव्हते.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि आज्ञेची जागा कायद्याने घेतली. १५ डिसेंबर १९७२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नाव मोठे झाले, अंगरखा मात्र जुनाच राहिला! सुमारे ६७ चौरस किलोमीटरांची हद्द पुढील पन्नास वर्षे जागची हलली नाही.

याचे कारण कोणा एकाचा हट्ट नव्हे. शहरवासी म्हणत, आम्हांस जागा अपुरी पडते. आमची बस आसपासच्या गावांना जाते, गावकरी आमच्या बाजारावर व दवाखान्यांवर विसंबतात, मग कराचा भार एकट्या शहराने का सोसावा? उचगाव, पाचगाव, वडणगे येथील शेतकऱ्याचा हिशेब निराळा होता. घरपट्टी वाढेल, उसाच्या रानावर आरक्षणाची रेघ पडेल, ओळखीची ग्रामपंचायत जाऊन दूरचे कार्यालय येईल. आणि शहराच्याच पेठांना पुरेशा सोयी नसताना आमच्या वाट्यास काय येणार? दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले. अखेर २०१७ साली शासनाने मधला मार्ग काढून ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमले. वेस तेथेच राहिली; नियोजन तेवढे तिच्याबाहेर गेले.

या वादात पंचगंगेचा पक्ष मांडणारे मात्र थोडेच निघाले. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही तिची धोक्याची पातळी. २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५० फुटांच्याही बरेच वर चढले. ते शहरात शिरले, तसेच चिखली-आंबेवाडीतही शिरले. हद्द कोणाची हे नदीने विचारले नाही. नदीकाठी भराव घालून बांधलेले घर शहराच्या नकाशात असो वा गावच्या, ते अडविते पाणी एकच.

पॅट्रिक गेडीस या नगररचनाशास्त्रज्ञाने १९१९ साली मुंबई विश्वविद्यालयात समाजशास्त्राचे अध्यापन हाती घेतले. आधी पाहणी, मग आराखडा, हे त्याचे सूत्र. गावाची राहणी, पाणी, धंदे नीट जाणून घेतल्यावाचून रेघ ओढणे त्यास मान्य नव्हते. आपल्या १९६६ च्या नगररचना कायद्यातही लोकांच्या हरकती ऐकण्याची तरतूद आहे. पण त्या मागविल्या जातात प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर. तोवर रेघ पडलेली असते. ज्याच्या रानातून ती गेली तो विरोधक होतो, ज्याचे सुटले तो समर्थक. आणि विचारविनिमयाचे भांडण होते.

दरबार विचारीत नव्हता, कायदा उशिरा विचारतो. शहर व गाव यांना एकत्र बसवून रेघ ओढण्यापूर्वीच विचारणे, ही तिसरी रीत कोल्हापुरास अजून आजमावून पाहावयाची आहे. त्या बैठकीत पहिला नकाशा उलगडावा तो पूररेषेचा. कारण तेवढी एकच रेषा अशी आहे की, जी कोणाच्याही मताने हलत नाही.