परमा, गरमी अंगावर काढताय? एचआयव्ही त्यातून कसा वाढतो ते वाचा

लघवीला जळजळ, पू येणं, गुप्त जागी व्रण. ही दुखणी आपल्याकडे कुणी सांगत नाही. मेडिकलवरून दोन गोळ्या आणायच्या आणि गप्प बसायचं. अंगात एचआयव्ही असेल तर हे गप्प बसणं महागात पडतं.

एचआयव्ही रक्तातल्या सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशींत घुसतो. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. राखणदार झोपलेला असला की आत शिरलेला विषाणूही बहुतेक वेळा पडून राहतो. परमा म्हणजे गोनोरिया, गरमी म्हणजे सिफिलिस, शिवाय क्लॅमिडिया. यांचे जंतू आले की पेशी जाग्या होतात. त्यांना जागं करणारं एनएफ-कप्पा-बी नावाचं एक प्रथिन आहे. अडचण अशी, की एचआयव्हीच्या जनुकांवरही त्याला बसायला जागा असते. म्हणून जंतूंशी लढायला उठलेली पेशी त्याच वेळी विषाणूच्या प्रती काढू लागते. सुजेच्या जागी अशा पेशींची गर्दी होते. त्यामुळे ज्याला एचआयव्ही नाही, त्यालाही तो लागायला सोपं जातं.

आफ्रिकेतल्या मलावी देशातला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. एचआयव्ही असलेल्या ज्या पुरुषांना मूत्रमार्गाची सूज होती, त्यांच्या वीर्यात विषाणू सुमारे आठपट जास्त सापडला. परमा असलेल्यांत तर सर्वात जास्त. अँटिबायोटिक दिल्यावर दोन आठवड्यांत तो बराच उतरला. रक्तातलं प्रमाण मात्र फारसं हललं नव्हतं, म्हणजे रक्ताचा रिपोर्ट पाहून हे कळलंच नसतं! गरमीत मात्र रक्तातलाही विषाणू वाढतो आणि सीडी४ कमी होतात, असं आढळलं आहे.

एआरटीच्या गोळ्या रोज घेऊन विषाणू दबलेला असेल तर हा धोका खूपच कमी होतो. तरी परमा-गरमीवर वेगळा उपचार लागतोच, एआरटीने ते जंतू मरत नाहीत.

बायकांना परमा किंवा क्लॅमिडिया असूनही बरेचदा काहीच जाणवत नाही. त्यामुळे नवऱ्याला निघालं तर बायकोचीही तपासणी हवी, आणि उलटही. एकानेच औषध घेतलं तर आजार पुन्हा फिरून येतो. मनाने अर्धवट गोळ्या घेऊ नका, जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी व औषध मोफत मिळतं. एचआयव्ही तपासणी ग्रामीण रुग्णालयाच्या आयसीटीसी केंद्रातही होते. २०१७ च्या कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. विचारायचं असेल तर १०९७ हा टोल-फ्री नंबर लावा.