सटवाईचा लेख की कुणाची हयगय?



बाळ जन्मलं की पाचवीला आपण सटवाई पुजतो. कोरा कागद आणि लेखणी मांडतो. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं आपल्या आज्या सांगत आल्या. पण एखादं बाळ जन्मल्यावर रडतच नाही. वर्षाचं झालं तरी मान धरत नाही, हात आखडलेला राहतो, नजर लागत नाही. मग घरात बोलणं सुरू होतं. हिनं ग्रहण पाळलं नाही, हिनं जड उचललं, हिच्याच पोटी असं का. आपल्या बचत गटांच्या बैठकीत अशा आया बसतात. हप्ता भरतात, सही करतात आणि या विषयावर गप्प राहतात.

आज आपण याच विषयावर बोलणार आहोत. बाळंतपणात कुणाच्या हयगयीमुळं बाळाला इजा झाली, तर भरपाई मागता येते. हा हक्क आपल्याला एका दिवसात मिळाला नाही. तो कसा मिळत गेला, याचा सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराच आपल्या महाराष्ट्रातच घडलेला आहे. आपल्या पुणतांब्यानं १ जून २०१७ला शेतकऱ्यांचा संप करून सरकारकडं हिशेब मागितला होता. कांद्या-दुधाचा हिशेब मागता येतो, तसा लेकराचाही मागता येतो.

आधी इजा म्हणजे काय ते समजून घेऊ. कळा फार वेळ चालल्या, बाळाचे ठोके मंदावले आणि कुणी वेळेवर पाहिलं नाही, तर मेंदूला प्राणवायू कमी पडतो. त्यातून मेंदूचा पक्षाघात होऊ शकतो. याला डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात. बाळाचा खांदा अडकला आणि ओढाताण झाली, तर मानेजवळच्या शिरा दुखावतात आणि हात लुळा पडतो. जन्मानंतर कावीळ फार वाढली आणि उपचार झाला नाही, तर मेंदूवर आणि कानांवर परिणाम होतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासले नाहीत, तर दृष्टी जाऊ शकते.

मात्र एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रत्येक मुलाला बाळंतपणातच इजा झालेली असते असं नाही. पुष्कळदा कारण पोटात असतानाच घडलेलं असतं. म्हणून प्रश्न असा विचारायचा: जे करायला हवं होतं ते वेळेवर केलं का? इतिहासातले सगळे खटले याच प्रश्नाभोवती फिरले आहेत.

पहिला मोठा खटला पुण्याचा. १९५३च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेत गावी समुद्रकिनाऱ्यावर एका विशीतल्या मुलाची मांडी मोडली. त्याचे वडील दौंडला डॉक्टर होते. मुलाला पुण्याच्या दवाखान्यात आणलं. तिथं पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड बसवलं गेलं, असं न्यायालयाला आढळलं. मुलगा त्याच दिवशी गेला. वडिलांनी दावा लावला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६८ साली निकाल लागला. भरपाई होती ३,००० रुपये. रक्कम लहान, पण निकालानं पुढच्या सगळ्यांना वाट करून दिली. डॉक्टरची तीन कर्तव्यं कोर्टानं सांगितली. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे विचारानं ठरवणं, कोणता उपचार द्यायचा हे काळजीनं ठरवणं आणि तो उपचार काळजीनं देणं. यातलं एकही चुकलं तर रुग्णाला दाद मागता येते. आपल्याकडं अडलेल्या बाईला वेळेवर मोठ्या रुग्णालयात पाठवलं का, हा प्रश्न येतो तो याच पहिल्या कर्तव्यातून.

दुसरा खटला थेट बाळंतिणीचा. १९६३चा जुलै महिना, ठिकाण तेव्हाचं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. सरकारी रुग्णालयात एक बाई १० जुलैला बाळंत झाली, मुलगा झाला. १३ जुलैला तिची कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिला ताप आला, पोटात दुखू लागलं. पुन्हा पोट उघडलं, तर आत रक्त टिपायचं कापड राहिलेलं निघालं. २४ जुलैला ती गेली. तान्हं बाळ मागं राहिलं.

घरच्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टानं ३६,००० रुपये भरपाई दिली. हायकोर्टानं तो निकाल फिरवला. सरकारी दवाखान्यातल्या चुकीसाठी सरकारला जबाबदार धरता येत नाही, असाही मुद्दा त्यात होता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २० फेब्रुवारी १९९६ला निकाल आला. कोर्ट म्हणालं, दवाखाना चालवणं म्हणजे राज्यकारभाराचा खास अधिकार नव्हे, ते लोककल्याणाचं काम आहे. तिथं नोकरांनी हयगय केली तर सरकारला भरपाई द्यावीच लागेल. पोटात कापड राहिलं ही गोष्टच हयगय सांगते, हेही कोर्टानं मान्य केलं. वकील मंडळी या निकालाला ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणतात. नाव लक्षात ठेवा. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या प्रत्येकीच्या कामाचा तो निकाल आहे. पण मधली वर्षंही मोजा. १९६३ ते १९९६. त्या दिवशी पाळण्यात असलेलं मूल निकालाच्या वेळी बत्तिशी ओलांडून गेलं होतं.

एवढी वर्षं लागू नयेत म्हणून दुसरा दरवाजा उघडला. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. डॉक्टरची सेवा त्यात येते का, यावर वाद चालला. १३ नोव्हेंबर १९९५ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, येते. पैसे घेणारा खासगी दवाखाना त्यात आला. जिथं काही जण पैसे देतात आणि गरिबांना मोफत मिळतं, तिथले गरीबही आले. मात्र जिथं सगळ्यांनाच सगळं मोफत मिळतं, तो दवाखाना त्यातून बाहेर राहिला. म्हणून पूर्ण मोफत सरकारी केंद्रातल्या हयगयीसाठी दिवाणी न्यायालयात जायचं, खासगी दवाखान्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडं, हा फरक ध्यानात ठेवा. २०२० सालापासून ग्राहकांसाठी नवा कायदा लागू आहे. त्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि दवाखान्याला दिलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर तक्रारीला शुल्क लागत नाही.

तिसरी लढाई कागदांची झाली. दवाखाना केसपेपर देत नसेल तर पुरावा आणायचा कुठून? १९९६ साली मुंबई हायकोर्टानं सांगितलं की रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना कागदांच्या प्रती दिल्याच पाहिजेत, गुप्ततेचं कारण चालणार नाही. पुढं २००२च्या वैद्यकीय नियमांत आलं की मागणी केल्यावर ७२ तासांत प्रती द्यायच्या आणि दाखल रुग्णाचे कागद ३ वर्षं जपायचे. सरकारी दवाखान्यातले कागद माहितीच्या अधिकारातही मागता येतात.

आता लेकराच्या भरपाईचा हिशेब. १९९८ साली एका लहान मुलाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की उपचार घेणारं मूलही ग्राहक आणि त्याला घेऊन जाणारे आईबापही ग्राहक. चुकीच्या इंजेक्शनमुळं त्या मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईबापांच्या दुःखासाठी वेगळे ५ लाख मंजूर झाले.

त्याहून मोठा निकाल चेन्नईच्या एका मुलीचा. ऑगस्ट १९९६मध्ये ती सरकारी रुग्णालयात दिवस भरायच्या खूप आधी जन्मली. वजन सव्वा किलो. तिच्या डोळ्यांची तपासणी करायला हवी होती, ती झाली नाही आणि आईबापांना कुणी सांगितलंही नाही. तिची दृष्टी गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००९ साली ५ लाख दिले. आईबाप थांबले नाहीत. १ जुलै २०१५ला सुप्रीम कोर्टानं एकट्या पुढच्या उपचारांसाठी १ कोटी ३८ लाख रुपये धरले आणि मागचा खर्च वेगळा दिला. एवढा फरक का पडला? कोर्टानं मुलीचं पुढचं सगळं आयुष्य मोजलं आणि महागाईही मोजली. आज हजार रुपयांना होणारा उपचार वीस वर्षांनी हजारात होणार नाही, हे आपल्याला गटाच्या हिशेबातूनही कळतं.

जगात इतरत्रही आया लढल्या. स्कॉटलंडमध्ये मधुमेह असलेल्या एका बाईचं बाळ १९९९ साली जन्मताना खांद्यात अडकलं आणि त्याला सेरेब्रल पाल्सी झाली. हा धोका डॉक्टरांना माहीत होता, पण त्यांनी तिला सांगितला नव्हता. सांगितलं तर बाई सिझेरियन मागेल, असं त्यांना वाटलं. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की धोका समजून घेऊन निवड करण्याचा हक्क आईचा आहे. जपाननं २००९पासून निराळीच वाट काढली. तिथं बाळंतपणात मेंदूला इजा झालेल्या मुलाला ठरलेल्या निकषांत बसल्यास ३ कोटी येन मिळतात. काही रक्कम आधी आणि बाकी वीस वर्षं हप्त्यानं. आधी डॉक्टरची चूक सिद्ध करावी लागत नाही. शिवाय प्रत्येक घटनेची तपासणी होते, म्हणजे पुढच्या बाळंतिणीला तरी त्याचा उपयोग होतो. आपल्याकडं अशी योजना नाही. ती मागायला मात्र कुणाची हरकत नाही.

आता या वाटेवरचे खाचखळगे. वाईट घडलं म्हणजे हयगय झालीच, असं कोर्ट मानत नाही. दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत बहुतेक वेळा लागतं. फौजदारी गुन्ह्यासाठी तर फार मोठी हयगय दाखवावी लागते, असं २००५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं. निकालाला वर्षं लागतात. आणि दवाखान्यावर दगड मारू नका. महाराष्ट्रात २०१०पासून त्याला स्वतंत्र कायदा आहे. दगड मारणाऱ्यावर खटला होतो आणि लेकराचा खटला बाजूला राहतो. रात्री-अपरात्री धावून येणाऱ्या नर्सताई, आशाताई, डॉक्टर आपलेच आहेत. भरपाई मागणं म्हणजे त्यांच्याशी वैर नव्हे.

मग काय करायचं? पुणतांब्याहून अडलेली बाई कोपरगाव, राहाता, शिर्डी, लोणी किंवा थेट नगरला न्यावी लागते. या धावपळीत कागद हरवतात आणि वेळा विसरतात. म्हणून बरोबर जाणाऱ्या बाईनं वहीत लिहावं: कळा कधी सुरू झाल्या, दवाखान्यात किती वाजता पोचलो, गाडी कधी बोलावली आणि कधी आली, डॉक्टरांनी कधी पाहिलं, बाळ कधी रडलं. गटाचं रजिस्टर ठेवायची आपल्याला सवय आहे, हे त्याहून अवघड नाही. गरोदरपणाचं कार्ड, सोनोग्राफी, डिस्चार्ज कार्ड, बिलं एका पिशवीत ठेवावीत. शंका आली तर लगेच लेखी अर्ज देऊन केसपेपरच्या प्रती मागाव्यात आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

मुदतीकडं लक्ष ठेवा. ग्राहक आयोगात २ वर्षं. उशीर झाला तर सबळ कारण दाखवावं लागतं. दिवाणी दाव्यात मूल अज्ञान असेपर्यंत त्याची मुदत धावत नाही, १८ पूर्ण झाल्यावर धावू लागते. पण दवाखान्याचे कागद तीनच वर्षं जपायचं बंधन आहे, हे विसरून थांबू नका.

वकिलाला पैसे नाहीत, ही अडचण आपणच मोठी करून ठेवली आहे. १९८७च्या कायद्यानुसार बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याला विधी सेवा समिती असते, नगरला जिल्हा प्राधिकरण आहे, आणि १५१०० हा फोन क्रमांक देशभर चालतो.

खटला करा किंवा नका करू, लेकराचे बाकीचे हक्क सोडू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आहे, अंधत्वही आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी निरामय विमा योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत उपचाराचा खर्च मिळतो. लहानपणापासून व्यायाम मिळाला तर मूल पुष्कळ सावरतं, म्हणून निकालाची वाट बघत उपचार थांबवायचे नाहीत.

अशा लेकराच्या आईला रात्री झोप येत नाही ती एकाच काळजीनं. आपण आहोत तोवर त्याला भरवू, उचलू, न्हाऊ घालू, पण आपल्यामागं कोण? भरपाईची रक्कम या प्रश्नाचं निम्मं तरी उत्तर असते. म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर आपल्या गटातल्या अशा आईजवळ बसा. ग्रहणाचं नाव काढू नका. बाळंतपणाचे कागद कुठं आहेत, एवढं विचारा आणि ते शोधायला तिच्याबरोबर जा.