मनाचा उपचार केव्हा संपवावा?

ताप उतरला की नाही हे तापमापक सांगतो, आणि औषध थांबविण्याचा निर्णय सहज होतो. समुपदेशकापाशी बसून, बोलून जो मनाचा उपचार करावयाचा, त्याची गोष्ट निराळी. लवकर थांबावे तर दुखणे उलटण्याचे भय. लांबवावे तर परावलंबनाची सवय. यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच बिकट होतो. कोरडवाहू कपाशीच्या या मुलखात वेचणीच्या दिवसांत दवाखान्याची एक फेरी म्हणजे एक रोज बुडणे होय. तेव्हा ‘किती वेळा यावे लागेल?’ हा रोग्याचा प्रश्न अधीरपणाचा नव्हे, व्यवहाराचा आहे.

तो प्रथम गाजला व्हिएन्नात. सिग्मंड फ्रॉइड याने १९१३ साली त्यास इसापाच्या गोष्टीने उत्तर दिले. गाव किती दूर, असे वाटसरूने विचारताच इसाप म्हणाला, ‘चाल’. कारण चाल पाहिल्यावाचून वेळ सांगता येत नाही. उत्तर मार्मिक खरे, पण खुद्द फ्रॉइडलाही ते पुरले नाही. १९१० साली त्याच्याकडे आलेल्या एका रशियन तरुणाचा उपचार वर्षानुवर्षे रेंगाळला, तेव्हा त्याने मुदत घातली आणि १९१४ च्या उन्हाळ्यात तो संपविला. मुदत कळताच रोगी मोकळा झाला; तथापि पुढे त्यास पुन्हा उपचार घ्यावे लागले. मुदतीच्या धाकाने मनातले काही बाहेर येते, तर काही अधिकच खोल दडते, असे फ्रॉइडने १९३७ साली नमूद केले.

मुदत आणि माप यांची सांगड पुढे गोव्यात घातली गेली. २०१३ ते २०१५ या काळात तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रोग्यांवर एक प्रयोग झाला. उपचार करणारे डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेले स्थानिक समुपदेशक होते. भेटी सहा ते आठ, प्रत्येक अर्ध्यापाऊण तासाची. आणि दर भेटीस नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली, हाच तेथील तापमापक. शेवटच्या भेटी निरोपाच्या तयारीसाठी राखलेल्या. तीन महिन्यांनी या रोग्यांपैकी शेकडा ६४ नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ३९ होते. वर्षानंतरही लाभ टिकून होता.

थांबण्याचा प्रश्न एकट्या रोग्याचा नाही, हे यवतमाळच्या शेजारी, अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत चाललेल्या ‘विश्राम’ उपक्रमाने दाखविले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण तेथे शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. यश मोठे, तरी शंभरांतील सुमारे त्र्याहत्तर जण बाहेरच राहिले. जेथे समुपदेशक थोडे, तेथे बरा झालेला मनुष्य सवयीने येत राहिला, तर दुसऱ्या कोणाची तरी पाळी लांबते.

म्हणून पहिल्याच भेटीत उभयतांनी ठरवावे की, बरे होणे म्हणजे काय: रात्री झोप लागणे, शेतावर पाय वळणे, घरच्यांशी दोन शब्द बोलणे. ते साधू लागले की भेटींतील अंतर वाढवावे; चार-पाच भेटींनंतरही काहीच न साधले, तर फेऱ्या न वाढविता उपचार बदलावा. मात्र मनात आत्मघाताचे विचार घोळत असतील, तर कोणताही आकडा बंधनकारक नाही. तेथे मानसरोगतज्ज्ञाची गाठ तत्काळ घातली पाहिजे.

राज्य शासनाने २०१५ साली यवतमाळसह १४ जिल्ह्यांसाठी आखलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा कार्यकर्तीवर घरोघर विचारपूस सोपविली गेली, ती या दृष्टीने अर्थपूर्ण होती. उंबरठ्याशी येऊन कोणी पुन्हा विचारणार आहे, हा भरवसा असला म्हणजे उपचार वेळेवर संपविण्याचे धैर्य रोग्यालाही येते आणि समुपदेशकालाही.