क्षयाची ओळख

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी एका रोगाचा इतिहास सांगावयास बसणे कुणास अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. परंतु घरापासून दूर, वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणारी आपली तरुण मुले दुखणे अंगावर काढतात आणि पत्रातून वा दूरध्वनीवरून ‘मी ठीक आहे’ एवढेच कळवितात, हा अनुभव आपणांपैकी अनेकांच्या घरचा आहे. अशा मौनाचे मोल आपल्या समाजाकडून ज्या व्याधीने पुरेपूर वसूल केले, ती व्याधी म्हणजे क्षय. आमच्या बालपणी वडीलधारी माणसे या रोगाचे नावही मोठ्याने उच्चारीत नसत.

परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाने या संदर्भात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण करणे क्रमप्राप्त आहे. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाईंचा संसार पती गोपाळराव यांच्या टपालखात्यातील बदल्यांमुळे कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा फिरत राहिला. एप्रिल १८८३ मध्ये त्यांनी कलकत्त्याहूनच अमेरिकेस प्रयाण केले. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांस मिळाली; आणि मायदेशी परतल्यावर अवघ्या काही महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

विशेष हे की, तोपर्यंत क्षयाची ओळख पटविण्याचे शास्त्र बरेच पुढे गेले होते. १८१६ साली पॅरिस येथे लाएनेक या वैद्याने कागदाची सुरळी एका तरुण रुग्ण स्त्रीच्या छातीस लावून हृदयाचे ठोके ऐकले व त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. त्या नळीने क्षयी छातीचे आवाज जगास समजावून देणारा हा वैद्य स्वतः १८२६ साली क्षयानेच निवर्तला. आनंदीबाईंच्या प्रयाणापूर्वी जेमतेम वर्षभर, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. म्हणजे रोग कळत होता, पण औषध नव्हते. शुद्ध हवा, विश्रांती, सकस आहार आणि ऐपत असल्यास मिरज-पाचगणीसारख्या ठिकाणचे आरोग्यधाम, एवढाच आधार उरे. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ साली हाती आले आणि १९५२ पासून आयसोनियाझिडचा वापर सुरू झाला, तेव्हा कोठे चित्र पालटले.

यापुढील इतिहासात भारताचा वाटा मोठा आहे. १९५५ ते १९५८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीने क्षय हा केवळ शहरी वस्तीचा रोग नसून खेड्यांतही तितकाच पसरला आहे, हे दाखवून दिले. १९५६ साली मद्रासमध्ये १९३ रुग्णांवर एक प्रयोग सुरू झाला. निम्म्यांस आरोग्यधामात व निम्म्यांस त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच औषधे दिली. निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या कुटुंबीयांस अधिक धोका पोचला नाही. क्षयी माणसास घराबाहेर काढण्याचे कारणच त्यायोगे नाहीसे झाले.

कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात केलेला व १९६३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आपणां सर्वांस विचार करावयास लावणारा आहे. क्षयरोग्यांपैकी बहुतेकांस आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक रुग्ण दवाखान्याची पायरी चढूनही आले होते. परंतु थुंकीची तपासणी न होता पुष्कळजण खोकल्याचे औषध घेऊन परतले होते. रुग्ण आपले दुखणे जाणत होता. त्याकडे लक्ष देणारे कोणी हवे होते.

आज सरकारी केंद्रांतून थुंकीची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात आणि साध्या क्षयाचा उपचार साधारणतः सहा महिन्यांत पुरा होतो. आनंदीबाईंच्या काळी ओळख होती, उपाय नव्हता. आज उपाय आहे, पण ओळख लांबते. ती लांबते संकोचामुळे, नोकरी जाईल, लग्न मोडेल या भयामुळे. म्हणून तरुणांनी स्वतःच्या प्रकृतीचा हिशेब स्वतः ठेवावा. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री येणारा घाम, कारण नसता घटणारे वजन यांपैकी काहीही आढळल्यास थुंकी तपासून घ्यावी. थुंकीत रक्त दिसल्यास तर एक दिवसही दवडू नये. घरात एकास क्षय निघाल्यास इतरांनीही तपासणी करावी. उपचार सुरू झाल्यावर बरे वाटू लागले म्हणून औषध मध्येच सोडू नये.

वडीलधाऱ्यांस आमची विनंती इतकीच की, मुलांची खुशाली विचारताना खोकला किती दिवसांचा आहे, हेही विचारावे. आणि उत्तर ऐकून घाबरू नये की रागावू नये. हा रोग बरा होतो. लपविलेला मात्र बरा होत नाही.