तळटीप २३ : डब्ल्यूपीएक्यू, माउंट एअरी
२३. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, व्हर्जिनियाच्या सीमेलगत असलेल्या माउंट एअरी या लहान गावातील खासगी रेडिओ केंद्र. राल्फ एपर्सन यांनी २ फेब्रुवारी १९४८ रोजी ते सुरू केले. लेखक त्याला 'कंट्री स्टेशन' म्हणतो, ते ढोबळमानाने बरोबर. पण नॅशव्हिलच्या गाजलेल्या तबकड्यांपेक्षा इथे आसपासच्या डोंगराळ भागातील फिडल-बँजोच्या जुन्या संगीताला आणि ब्लूग्रासला अधिक मान होता. 'मेरी-गो-राउंड' हा केंद्राचा शनिवारचा कार्यक्रम. गावोगावचे वादक येऊन थेट प्रसारणात वाजवत. १९४८ पासूनची ही प्रथा पुढे अनेक दशके टिकली. दिवस मावळताच केंद्र बंद होई, त्यामागे आजोबा समजतात तसा मालकाचा आळस नव्हता. मध्यमलहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर पोचतात, आणि ७४० किलोहर्ट्झवर रात्रीचा अग्रहक्क कॅनडातील टोरांटोच्या केंद्राला होता. पुढच्या ओळीतील 'मेबेरी' हे दूरदर्शन मालिकेतले काल्पनिक गाव. मालिकेचा नायक अँडी ग्रिफिथ मूळचा माउंट एअरीचा असल्याने ते याच गावावर बेतले असे सर्रास मानले जाते.