'राजी' आणि समीक्षक

एकही शब्द न उच्चारणाऱ्या खेळाची समीक्षा कशी व्हावी? 2010 साली डेन्मार्कमधील 'प्लेडेड' या छोट्या संस्थेचा 'लिम्बो' हा व्हिडिओ गेम आला, तेव्हा हा प्रश्न उभा राहिला. काळ्याकरड्या अरण्यातून उड्या मारीत वाट काढणारा एक मुलगा. संवाद नाही, निवेदन नाही. समीक्षकांनी त्या मौनाला मनापासून दाद दिली. मात्र दामाच्या मानाने खेळ लवकर संपतो, अशी कुरकुरही झाली.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'च्या वाट्यास दहा वर्षांनी असाच कौल आला. 2017 मधील त्यांचे लोकवर्गणीचे आवाहन फसले होते. तरी काम थांबले नाही आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये 'राजी' प्रसिद्ध झाला. असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा. ती अबोल नव्हे. विष्णू आणि दुर्गा ती सांगत असतात. परंतु समीक्षकांचे मन रमले ते शब्दांपलीकडील गोष्टींत: राजस्थानी धर्तीचे महाल, भिंतींवरील चित्रे, छायाबाहुल्या. लढाई ओबडधोबड आणि शेवट अर्धवट, हा ठपका पुष्कळांनी ठेवला, आणि तो रास्तच होता. भारतीय खेळ म्हणून कोणी सूट दिली नाही, हे एका परीने बरेच झाले.

त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पण करणाऱ्या स्वतंत्र खेळांत 'राजी'ला नामांकन मिळाले. पारितोषिक मात्र 'फॅस्मोफोबिया'ला गेले. 2022 च्या सुधारित आवृत्तीत कथाप्रसंग नव्याने रचले गेले आणि हिंदी आवाजाचीही सोय झाली.